टोचन लावून आणलेली सीव्हीटी : गायमुख ते वागळे, १४ किलोमीटर

ही केस सविस्तर लिहायचं कारण एकच, गाडी बिघडली होती नऊ हजारांच्या कामासाठी आणि शेवटी खर्च लाखाच्या वर गेला, आणि तो जास्तीचा सगळा खर्च गाडीच्या बिघाडाने नाही तर ती गाडी गॅरेजपर्यंत ज्या पद्धतीने आणली त्याने झाला. माझं काम रबाळे एमआयडीसीत आहे, फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडतो, त्यामुळे माझ्याकडे गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा नुकसान होऊन गेलेलं असतं. हे नुकसान मात्र एका फोनने टळलं असतं म्हणून जास्त लागलं.

गाडी म्हणजे पुढच्या चाकांवर चालणारी पेट्रोल सेडान, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पुल्या आणि बेल्टवर चालणारी ऑटोमॅटिक), सहा वर्षं जुनी, ६२,००० किलोमीटर. मालक कासारवडवलीचे एक रिटायर्ड काका, आयुष्यभर मॅन्युअल चालवली, गुडघे दुखायला लागले म्हणून ऑटोमॅटिक घेतली. गाडी एकदम व्यवस्थित ठेवलेली, सर्व्हिसची बिलं फाईलला लावलेली, ४०,००० ला गिअरबॉक्सचं ऑइल बदललेलं आणि तेही बरोबर ग्रेडचं, एवढं करणारे लोक फार कमी.

जुलैची संध्याकाळ, पाऊस चालू, काका आणि त्यांचा पुतण्या वसईहून परत येत होते. फाउंटन हॉटेलपासून पुढे आल्यावर गाडी दोन-तीनदा अडखळली आणि गायमुख घाटाच्या चढावर बंद पडली ती पडलीच. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही. ज्यांनी घोडबंदर रोडला तो चढ पावसात बघितलाय त्यांना माहितीये तिथे थांबणं म्हणजे काय, मागून ट्रेलर, कंटेनर, खड्डे, बाजूला उभं राहायला धड जागा नाही. पुतण्याच्या ओळखीचा एक टेम्पोवाला जवळपास होता, तो आला, दोरी बांधली, गाडी न्यूट्रलला टाकली, स्टेअरिंग लॉक होऊ नये म्हणून चावी ऑन ठेवली आणि टोचन लावून, म्हणजे दोरीने ओढत, गाडी थेट वागळे इस्टेटच्या एका गॅरेजला नेली. चौदा किलोमीटर. घाटात हळू, पण कासारवडवलीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला तिथे टेम्पोवाल्याने चाळीस-पन्नासने खेचली, असं पुतण्याने मला नंतर सांगितलं. स्टेअरिंगवर तोच होता, इंजिन बंद म्हणून ब्रेक दगडासारखा कडक, स्टेअरिंग जड, पावसात पुढच्या टेम्पोचे लाइट सोडून काही दिसत नाही. घरी पोचल्यावर त्याचे हात थरथरत होते म्हणाला.

गॅरेजवाल्याने बिघाड बरोबर पकडला, टाकीतला फ्युएल पंप गेला होता. (हे पंप पेट्रोलमध्ये बुडालेले असतात आणि पेट्रोलनेच गार राहतात, सतत रिझर्व्हवर गाडी चालवायची सवय असेल तर सोडा.) नवा पंप बसवला, गाडी चालू, काका खूश. तिसऱ्या दिवशी चाळीसच्या स्पीडला बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला, आठवड्याभरात सिग्नलवरून निघताना झटका, मग मानपाड्याच्या फ्लायओव्हरवर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम वर जातंय पण गाडी खेचत नाही. त्या गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सला हात लावला नाही, सरळ माझ्याकडे पाठवली, ते त्याने चांगलंच केलं. आली ती फ्लॅटबेडवर (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक), ऐरोली पुलावरून.

आता मुद्द्याची गोष्ट. मी काकांना पहिल्यांदा विचारलं, आधी काही झालं होतं का? म्हणाले, काही नाही, फक्त पंप बदलला. ऑइल कधी बदललं, पाण्यात गेली होती का, सगळं विचारून झालं. मग पंपाच्या बिलाची तारीख बघून मी विचारलं, "काका, पंप गेला तेव्हा गाडी गॅरेजला पोचली कशी?" तर म्हणाले, "टोचन करून आणली की." त्यांच्या लेखी ती घटनाच नव्हती. डॉक्टरकडे गेल्यावर माणूस पोटाचं सांगतो पण आदल्या दिवशी काय खाल्लं ते सांगत नाही, तसंच. मी त्या दिवसापासून हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतो.

"अरे पण न्यूट्रलला होती ना गाडी, मग गिअरबॉक्सला काय होणार?" काकांचा प्रश्न एकदम रास्त आहे, दहातली नऊ माणसं हेच विचारतात, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

न्यूट्रल केलं म्हणजे सगळं सुटं झालं असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. न्यूट्रलमध्ये इंजिन सुटतं, चाकं सुटत नाहीत. गाडी पुढे जातेय म्हणजे पुढची चाकं फिरतायत, चाकांबरोबर अ‍ॅक्सल, अ‍ॅक्सलबरोबर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा संच), आणि तिथून आत गिअरबॉक्सचा चाकांकडचा सगळा भाग फिरतोय. सीव्हीटीत हा भाग म्हणजे दोन पुल्या, इंजिनकडची पहिली आणि चाकांकडची दुसरी, आणि त्यांच्यामधला स्टीलचा बेल्ट. न्यूट्रलला जो क्लच सुटतो तो बहुतेक सीव्हीटींमध्ये इंजिन आणि पहिल्या पुलीच्या मधे असतो, म्हणजे पुल्या आणि बेल्ट चाकांच्याच बाजूला राहतात. गाडी ओढली की ते फिरणारच.

नुसतं फिरल्याने काही होत नाही, फिरण्यासाठीच आहेत ते. पण त्यांना ऑइल देणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, पंप बंद. साध्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिकलाही हेच, पंप कन्व्हर्टरकडून म्हणजे इंजिनकडूनच फिरतो, चाकं कितीही फिरली तरी पंपाला त्याचं काही नाही. खाली चेंबरमध्ये ऑइल भरलेलं आहे आणि वर बेल्ट कोरडा फिरतोय अशी ती अवस्था.

सीव्हीटीत ऑइलचं काम नुसतं वंगणाचं नाही. तो बेल्ट पुलीच्या दोन तिरक्या तोंडांमध्ये फक्त दाबाने धरलेला असतो, दात नाहीत, साखळीसारखे खाचे नाहीत. आत बारीक बारीक चारशेच्या आसपास स्टीलच्या चकत्या पातळ पट्ट्यांवर ओवलेल्या असतात आणि पुली ऑइलच्या प्रेशरने त्यांना चिमटीत धरते. टायरमध्ये हवा असते सव्वादोन बारच्या आसपास, आणि इथे चालत्या गाडीत ऑइलचं प्रेशर कित्येक पटीने जास्त, लोड आला की तीस-चाळीस बार सहज. ते प्रेशर शून्य झालं की चिमटी सैल. दुसऱ्या पुलीत एक स्प्रिंग असते ती थोडा दाब ठेवते, पण तो अगदी कमीत कमी असतो, आणि त्या स्प्रिंगमुळेच आणखी एक गोष्ट होते जी मला स्वतःला हिशोब मांडेपर्यंत नीट जाणवली नव्हती.

स्प्रिंग बेल्टला खालच्या रेशोकडे ढकलते, म्हणजे पहिल्या गिअरसारखी अवस्था. आता ढोबळ हिशोब करा. चाकाचा घेर पावणेदोन-दोन मीटर, चाळीसच्या स्पीडला चाक मिनिटाला साधारण ३५० वेळा फिरतं. डिफरन्शियलकडची गिअर साडेपाच पट धरली तर दुसरी पुली १९०० च्या पुढे. आणि बेल्ट खालच्या रेशोला सरकलेला, म्हणजे पहिली पुली त्याच्याही सव्वादोन-अडीच पट, चार हजारांच्या वर! बाहेरून बघणाऱ्याला गाडी आपली दोरीला बांधून रमतगमत चाललीये, आत एक पुली चार हजार आरपीएमला कोरडी पळतेय, बेल्ट सैल, बेअरिंगला ऑइल नाही. आणि डॅशबोर्डवर काहीही दिसत नाही, इंजिन बंद म्हणून आरपीएमचा काटा शून्यावर.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा स्कॅनरला दोन कोड होते, एक रेशो जुळत नसल्याचा, एक दुसऱ्या पुलीच्या प्रेशरचा. कोडवर मी गिअरबॉक्स उतरवत नाही, आधी चेंबर, म्हणजे खालचं ऑइलचं भांडं, काढतो. चेंबरच्या तळाला लोहचुंबक असतात, नेहमीच्या झिजेने त्यांच्यावर बारीक राखाडी लव येते, पुसली की जाते. इथे चुंबकावर जाड चिखल होता, बोटाने उचलला तर टोपीसारखा निघाला, आणि ऑइल उन्हात धरलं की चमचम. काका बाजूला उभे होते. मी काही बोललो नाही, चुंबक त्यांच्या हातात दिला.

गिअरबॉक्स उघडल्यावर जे दिसलं त्याच्यावरच या केसचा निकाल आहे, म्हणून नीट सांगतो. क्लचच्या इंजिनकडच्या बाजूला, पंप स्वच्छ, त्याच्या आतल्या गिअरवर एक ओरखडा नाही, कन्व्हर्टरमध्ये आवाज नाही. क्लचच्या प्लेटा जाडीला पूर्ण, फक्त हलका काळपटपणा होता, कारण टोचनच्या वेळी त्यांची एक बाजू फिरत होती आणि दुसरी थांबलेली. घसरून जळालेल्या प्लेटा वेगळ्या दिसतात, कोळशासारख्या होतात आणि वास येतो, तसं काही नव्हतं. आणि क्लचच्या पलीकडे, चाकांच्या बाजूला, पहिल्या पुलीच्या तोंडावर गोल गोल रेघा, नखाला लागतील एवढ्या खोल, बेल्टच्या चकत्यांच्या कडा घासून चकचकीत, पहिल्या पुलीचं बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू असल्यासारखं. शिट्टी त्याचीच होती. डिफरन्शियल मात्र ठीक, कारण त्याची मोठी गिअर स्वतः ऑइलमध्ये बुडालेली असते, उडवून उडवून स्वतःपुरतं घेते.

इंजिनकडचं सगळं चांगलं, चाकांकडचं डिफरन्शियल सोडून सगळं घासलेलं, आणि सीमारेषा बरोबर क्लचवर. ऑइल जुनं झालं असतं तर पंपापासून सगळीकडे झीज दिसली असती. ओव्हरहीट झाली असती तर प्लेटा जळाल्या असत्या. पावसाचं पाणी शिरलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं. चाकं फिरतायत आणि इंजिन बंद आहे, अशाच परिस्थितीत नुकसान असं अर्ध्यावर कापल्यासारखं होतं.

तरी काकांना एक वेगळीच रुखरुख होती. दुसऱ्या दिवशी एकटेच आले आणि म्हणाले, "खरं सांगतो, मी उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतो. तीस वर्षांची सवय आहे. त्याने तर नाही ना झालं?" माणूस प्रामाणिक, नाहीतर असं कोण कबूल करतं.

त्याने नाही झालं, आणि हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून सांगितलं नाही. इंजिन चालू ठेवून उतारावर न्यूट्रलला सोडली तर पंप चालूच असतो, आयडलला सातशे-आठशे आरपीएमने का होईना ऑइल फिरत असतं, पुलीवर प्रेशर असतं. चालत्या गाडीत परत डी (ड्राइव्ह) ला टाकताना क्लचला आणि बेल्टला उगाच धक्का बसतो, वर्षानुवर्षं केलं तर झीज वाढणार, आणि प्लेटांची अवस्था बघता काकांच्या क्लचने तो मार सोसला होता. पण पुलीवर नखाला लागणाऱ्या रेघा त्याने येत नाहीत.

पण सवय चुकीचीच आहे आणि ती मी त्यांना सोडायला सांगितली, कारण ज्या पेट्रोलसाठी ते हे करत होते ते वाचतच नव्हतं. कार्बोरेटरच्या काळात हिशोब बरोबर होता, गिअरमध्ये उतरताना इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं. इंजेक्शनच्या गाडीत उलटं आहे. गिअरमध्ये आहात, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलात, आरपीएम आयडलच्या बरंच वर आहे, की इंजेक्टर बंद होतात, चाकंच इंजिनला फिरवतात आणि पेट्रोल शून्य. न्यूट्रलला टाकली की इंजिनला स्वतःच्या जोरावर चालू राहायला पेट्रोल लागतं, छोट्या इंजिनला तासाला अर्धा-पाऊण लिटर. शिवाय इंजिनची अडवण जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि मुंब्रा बायपासच्या किंवा खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक तापले की पायाखाली पेडल मऊ लागायला लागतं. काही लोक याच्याही पुढे जाऊन उतारावर इंजिनच बंद करतात. ऑटोमॅटिकमध्ये ते म्हणजे स्वतःच स्वतःला टोचन लावण्यासारखं, आणि वर दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा जोर संपतो, स्टेअरिंग जड होतं. हे कृपा करून कोणी करू नका.

मॅन्युअलवाले म्हणतील आम्ही तर कायम टोचन लावूनच आणतो. पुढच्या चाकांवर चालणारी मॅन्युअल बऱ्याच अंशी सहन करते, कारण आत गिअर स्वतः ऑइल उडवतात, पंपाची गरजच नसते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाडीत मात्र न्यूट्रलला खालचा शाफ्ट थांबलेला असतो आणि वरचा फिरत असतो, वर ऑइल पोचत नाही, म्हणून लांब न्यायची असेल तर जुने मेकॅनिक प्रोपेलर शाफ्ट सोडतात. एएमटी (क्लच आणि गिअर आपोआप बदलणारी गाडी) आतून मॅन्युअलच, फक्त बॅटरी गेली असेल तर ती न्यूट्रलला येतच नाही हा वेगळा त्रास. फोर व्हील ड्राइव्हची चारही चाकं वर पाहिजेत, दोनच उचलली तर उरलेली दोन आतलं सगळं फिरवतात. आणि इलेक्ट्रिक किंवा स्ट्राँग हायब्रिड असेल तर विषयच वेगळा, मोटर चाकांना कायमची जोडलेली असते, चाकं फिरली की ती जनरेटर होते आणि बंद गाडीत वीज तयार करायला लागते. तिथे फ्लॅटबेडशिवाय दुसरा विचारच करायचा नाही.

कामाचं सांगतो. नवीन असेंब्लीचा खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा होता. वापरलेला गिअरबॉक्स मिळत होता, पण तो कुठल्या गाडीचा, ती गाडी कशी ओढून नेली होती, मला काय माहीत? तो मी बसवला नाही. शेवटी बेल्ट आणि दोन्ही पुल्यांचा सेट, बेअरिंगं, सगळे सील, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर वाटणारा भाग) उघडून साफ, आणि ऑइल कूलर बदलला, कारण धातूचा चुरा कूलरमध्ये अडकून बसतो आणि महिन्याभराने नव्या बेल्टला तोच खातो. जुना कूलर धुऊन परत लावणारे आहेत, मी लावत नाही. शेवटी कंट्रोलरची जुनी शिकलेली व्हॅल्यू काढून नव्याने सेट केली. १,१८,००० रुपये झाले. फ्युएल पंपाचं बिल नऊ हजारांचं होतं.

विम्यात बसलं नाही. साध्या मोटर पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही आणि त्याच्यामागून झालेलं नुकसानही येत नाही. काकांनी कागद काढले तेव्हा त्यात रोडसाइड असिस्टन्सचं अ‍ॅड-ऑन होतं, पैसे भरलेले, टोइंगसकट, नंबर ग्लव्ह बॉक्समधल्या कार्डावर छापलेला. पुतण्या ते कार्ड हातात धरून बराच वेळ बसला होता. त्याला मी सांगितलं, आणि इथेही सांगतो, त्याची चूक नाही. तो पावसात, ट्रेलरच्या मधून, काकाला सुखरूप घरी आणत होता, आणि टोचन लावणं ही आपल्याकडे मदतीची सगळ्यात जुनी रीत आहे. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. गाडी विकताना शोरूममध्ये सनरूफ दाखवतात, हे सांगत नाहीत, मॅन्युअलमध्ये असतं पण ते पुस्तक प्लॅस्टिकमधून बाहेर येत नाही.

त्या संध्याकाळी काय करायला हवं होतं? आधी हॅझर्ड लाइट, माणसं गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला, मग असिस्टन्सला फोन. फोनवर पहिलं वाक्य, "गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेडच पाठवा." नुसतं टोइंग म्हणालात तर जे जवळ असेल ते येतं. फ्लॅटबेड नसेल तर क्रेनने पुढची चाकं उचलायची, हँडब्रेक सोडायचा, मागची रिकामी फिरू दे, पुढच्या चाकांच्या गाडीला ते चालतं. मागून उचलून पुढची चाकं रस्त्यावर ठेवली तर टोचनच झालं. गाडी मधोमध अडकलीये आणि धोका आहे तर न्यूट्रल करून हाताने ढकलून कडेला घ्या, पन्नास-शंभर मीटरने काही होत नाही. काही कंपन्या ऑटोमॅटिकला थोडं अंतर कमी स्पीडने ओढायची परवानगी देतात, काही सीव्हीटीवाले साफ नाही म्हणतात, तुमच्या गाडीचं पुस्तक सांगेल ते खरं. आणि मॅन्युअल असली, दोरी लावायचीच वेळ आली, तरी १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत ओढण्याची मर्यादा ताशी २४ किलोमीटर आणि दोन गाड्यांमध्ये जास्तीत जास्त पाच मीटर अंतर अशी होती. २०१७ ला त्या जागी नवी नियमावली आली, पण तो स्पीड लक्षात ठेवण्यासारखा आहे. चाळीस-पन्नासने दोरीवर गाडी ओढणं हे गिअरबॉक्ससाठी नंतर, आधी आतल्या माणसासाठी वाईट आहे.

गाडी देताना मी काकांना घेऊन ठाणे-बेलापूर रोडला महापेपर्यंत जाऊन आलो, मग पारसिकच्या चढाला लोड देऊन बघितली, झटका नाही, आवाज नाही. एक हजार किलोमीटरला चेंबर परत उघडला, चुंबकावर नेहमीची बारीक लव, नव्या बेल्टची सुरुवातीची झीज असते तेवढीच. ऑइल बदललं. पुढचं चेकिंग पाच हजारला आहे. कार्ड आता सन व्हायझरला लावलंय, पुतण्याने स्वतः लावलं.